प्रोसेसरचा वेग कुणी दाबून ठेवलेला नाही

"प्रोसेसर कंपन्यांनी तुमच्या संगणकाचा निम्मा वेग दाबून ठेवलाय, पाच मिनिटांत मोकळा करा" हा मेसेज माझ्याकडे दोनदा आला होता, मी दुर्लक्ष केलं. परवा बाबांनी तो मनावर घेतला आणि एकेक पायरी करत गेले. ते निस्तरण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधला पहिला दावा: "आठ कोअर गुणिले ३ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे २४ गिगाहर्ट्‌झ." असा हिशेब नसतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. जे टप्पे एकामागून एकच व्हावे लागतात, ते कोअर कितीही असले तरी वाटून देता येत नाहीत. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी हा मुद्दा १९६७ सालीच मांडला होता. निम्मं काम वाटता येण्यासारखं नसेल, तर हजार कोअर लावूनही वेग दुपटीच्या पुढे जात नाही.

"एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या निवडा, सगळे कोअर जागे होतात." उलट आहे. एमएसकॉन्फिग हे विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग बदलण्याचं साधन. तिथल्या प्रोसेसरच्या संख्येच्या चौकटीत खूण न करताही विंडोज सगळे कोअर वापरतंच. तिथला आकडा ही कमाल मर्यादा असते. बाबांचा प्रोसेसर चार कोअरचा, म्हणून त्यांनी ४ निवडलं. पण त्या यादीत लॉजिकल प्रोसेसर मोजतात; बाबांच्या संगणकात विंडोजला एका कोअरचे दोन दिसतात, म्हणून ते आठ होते. टास्क मॅनेजर उघडला तर आठऐवजी चारच आलेख. वेग वाढवायला गेले आणि निम्मे प्रोसेसर बंद करून बसले!

माझं डोकं फिरलं ते यापुढच्या पायरीने. "रजिस्ट्रीत या दोन नोंदी करा, कंपनीने घातलेला ब्रेक निघेल." रजिस्ट्री ही विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, आणि तो ब्रेक म्हणजे मेल्टडाउन आणि स्पेक्टरच्या दुसऱ्या प्रकाराविरुद्धचं संरक्षण. प्रोसेसरच्या रचनेतल्या या सुरक्षा-त्रुटी जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाल्या. प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला की ते काम रद्द होतं, पण त्याच्या खुणा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, राहतात. कुठला डेटा पटकन मिळतो आणि कुठला उशिरा, हे मोजून दुसरा प्रोग्राम त्या खुणांवरून गुपित काढू शकतो. मेल्टडाउनमध्ये तर साध्या प्रोग्रामला थेट कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, मेमरी वाचता येत होती. बाबा याच संगणकावर बँकेचे व्यवहार करतात.

"हे सगळं प्रयोगशाळेतलं" असंही त्या मेसेजमध्ये आहे. मार्च २०२१ मध्ये गूगलने लीकी डॉट पेज हे संकेतस्थळच उघडलं. त्या पानावरची जावास्क्रिप्ट (पानासोबत येणारा छोटा प्रोग्राम), तिला वाचता येऊ नये अशी मेमरी क्रोममध्ये सेकंदाला सुमारे एक किलोबाइट या वेगाने वाचून दाखवत होती. तो स्पेक्टरचा पहिला प्रकार, त्याचा बंदोबस्त मुख्यतः ब्राउझरला आणि त्या त्या प्रोग्रामलाच करावा लागतो. पण अंदाजाने केलेल्या कामातून गळती होते हे नुसतं कागदावरचं नाही, एवढं त्यावरून कळतं. मग जी कडी विंडोजने लावून दिलीय, ती आपल्या हाताने कशाला काढायची?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. या संरक्षणामुळे जुने संगणक मंदावले, हे खरं आहे. इंटेलच्या हॅसवेल पिढीचे किंवा त्याआधीचे प्रोसेसर आणि विंडोज ७ किंवा ८ असेल तर बहुतेकांना फरक जाणवेल, असं मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्येच स्वतःहून सांगितलं होतं. म्हणजे लपवलेलं काहीच नव्हतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मेसेजमध्ये हे का नाही लिहिलं?"

शेवटचा दावा "३ नॅनोमीटर म्हणजे ट्रान्झिस्टरच ३ नॅनोमीटरचा." नाही. ते चिप बनवण्याच्या त्या पिढीचं नाव आहे; शेजारच्या दोन गेटमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) अंतर त्याच्या कित्येक पट असतं.

दोन्ही नोंदी काढल्या, एमएसकॉन्फिगमधली खूण काढली, संगणक पुन्हा सुरू केला. आठही आलेख परत आले. मग बाबांना शेजारी बसवून टास्क मॅनेजर दाखवला. प्रोसेसर जेमतेम १२ टक्के, डिस्क १०० टक्के. खरा अडथळा तिथे होता, जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्याऐवजी फिरता भाग नसलेली, वेगवान एसएसडी मागवलीय.