आत्याला आलेला भुलेचा फॉरवर्ड

पुढच्या आठवड्यात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि काल तिने "ऑपरेशनआधी हे वाचाच" असला मेसेज पाठवला. त्यात काय, तर सर्जन नावाजलेला बघा, भूल देणारा कुणीही चालतो, तो सुई टोचून निघून जातो. कंबरेत भुलेचं इंजेक्शन घेऊ नका, पाय जातात. चालू गोळ्या, तंबाखू सांगत बसू नका, ऑपरेशन पुढे ढकलतात. आणि सकाळी कपभर दूध पिऊनच जा.

दुधावर तर माझं डोकंच फिरलं. अरे बाबा, पूर्ण भूल चढली की घशाचा पहारा झोपतो, पोटातलं वर आलं तर सरळ फुफ्फुसात उतरतं, आणि माणूस त्याने दगावू शकतो. म्हणून साधारण नियम असा की साधं पाणी २ तास आधीपर्यंत, दूध किंवा हलका नाश्ता ६ तास आधीपर्यंत, तळलेलं-मटण असेल तर ८. कंबरेतून भूल असली तरी पोट रिकामंच, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यायला लागू शकते. हे सगळं सांगितल्यावर आत्या म्हणते, "अरे पण दुधाचा चहा तर चालतो ना?" नाही चालत!!

पाय जातात म्हणे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने २००९ मध्ये याचा देशभराचा हिशोब मांडला, वर्षाला अशी ७ लाखांवर इंजेक्शनं, आणि शंकेच्या केसेस धरूनही पाय लुळे पडणं किंवा मृत्यू मिळून लाखात २ पेक्षा कमी. नंतर काहींचं डोकं दुखतं, ते खरंय. पण रक्त पातळ करायची गोळी लपवून हे इंजेक्शन घेतलं तर मणक्यात रक्त साचून नस दाबली जाऊ शकते, म्हणजे पाय जायची भीती घालणारा हाच शहाणा पाय जायचा रस्ताही दाखवतोय.

टोचून निघून जातो हे तर कहरच. सर्जनचं लक्ष गुडघ्यात, मग बीपी, ऑक्सिजन, श्वास कोण बघतं? उशाशी बसलेला तोच डॉक्टर, शेवटपर्यंत.

एक मात्र मान्य, भूलतज्ज्ञ निवडायला आपल्याला सहसा मिळतच नाही, सर्जन ज्यांना बोलावतो ते येतात आणि कित्येकदा चेहरा थेट ऑपरेशन थिएटरमध्ये दिसतो. पण मग विचारा ना, नाव काय, भूलशास्त्रातली पदवी कोणती, एमडी, डीएनबी की डीए, आधी भेटणार का, पूर्ण वेळ थांबणार का. यात कुणाचा अपमान होत नाही.

गुरुवारी पीएसीला, म्हणजे भुलेआधीच्या तपासणीला, मी जातोय तिच्यासोबत, गोळ्यांची अख्खी पिशवी घेऊन. मशेरीचं मात्र तिनेच सांगायचं असं ठरलंय.