दोन स्टार ठीक आहेत, पण मे महिन्यातला भंडारदरा असाच असतो

नमस्कार सर,

आमच्या हॉटेलला तुम्ही दिलेला रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की फोटोत भरलेला तलाव आणि खिडकीतून बघितलं तर चिखल, रात्री डीजे लावू दिला नाही, गिझर चालला नाही, आणि भंडारदरा आता संपलाय, वॉटरपार्क वगैरे आणल्याशिवाय इथे कुत्रंही फिरकणार नाही.

गिझरचं आधी उरकतो. त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि अख्ख्या शेंडी गावाची लाईट गेली. जनरेटरवर दिवे-पंखे चालतात, गिझर नाही. सकाळी पोरांनी चुलीवर पाणी तापवून बादल्या तुमच्या दारात आणून दिल्या, ते लिहायचं राहिलं बहुतेक.

आता पाणी. सर, हे धरण टुरिस्टसाठी बांधलेलंच नाहीये. इंग्रजांनी 1910 ला काम काढलं, 1926 ला पूर्ण केलं, ते प्रवरेच्या कालव्यांवरच्या शेतीसाठी. साधारण 11 टीएमसी पाणी मावतं, उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे कालव्यांसाठीचं पाणी, सुटलं की ते खालच्या निळवंडे धरणात आणि तिथून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे, तिकडचा ऊस आणि प्यायचं पाणी त्याच्यावरच. मग मे मध्ये काठ उघडा पडणारच ना, आणि आवर्तन कधी सोडायचं ते कोणी मला विचारून ठरवत नाही 😄 बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं होतं की पाणी खाली गेलंय, आत्ता लोक येतात ते काजव्यांसाठी.

आणि डीजे त्याचसाठी नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य इथे लागूनच आहे. सादड्याचं, हिरड्याचं एकेक झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका तालात लुकलुकत असतं आणि तेवढ्यात कोणीतरी गाडीची हाय बीम मारतो, की झाड विझलंच समजा, मग लांबून आलेली माणसं अंधारात नुसती उभी. हे चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना शोधणं आहे, वर्षातले थोडेच दिवस मिळतात त्यांना. तिथे फ्लडलाईट आणि साउंड लावून मी कुठला धंदा वाढवू?

धंदा बसलाय हे मात्र खरंय, ते नाकारत नाही. पूर्वी फॅमिली दोन-तीन मुक्काम करायच्या, रतनवाडीचं अमृतेश्वर, सांदण दरी, घाटघरचा कडा, निवांत. आता 2025 ला समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे ठाणे जिल्ह्यापर्यंत सुरू झाला, मुंबईवाल्यांना सोपं झालं, पण सोपं झालं म्हणून ते सकाळी येऊन संध्याकाळी घरी! शनिवारी काठावर टेंटच टेंट आणि सोमवार ते गुरुवार आमचे वेटर पत्ते खेळतात. त्यात टेंटवाली बरीच मंडळी चिकन, कोळसा, बाटल्या, प्लेटा सगळं शहरातूनच घेऊन येतात, गावाला काय मिळतं तर रविवारी सकाळचा कचरा. उलट एखादं कुटुंब दोन रात्री राहिलं, साम्रदचा गाईड घेऊन सांदणीत उतरलं, कुणाच्या ओट्यावर नाचणीची भाकरी आणि पिठलं जेवलं, जाताना तांदूळ घेऊन गेलं, तर तेच पैसे चार घरांत जातात. मला तरी हे गाव उभं राहायचा रस्ता असाच दिसतो, वॉटरपार्कमध्ये आमच्या पोरांना फार तर गेटवर तिकिटं फाडायचं काम मिळेल.

भरलेला तलाव बघायचा असेल तर ऑगस्टच्या मध्यानंतर या, सप्टेंबरला सोनकीही फुललेली असते. मधल्या वारी आलात तर रेट बराच कमी लागतो. फक्त फोन करून या, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकलात तर इथल्या नेटवर्कमुळे कधी दुसऱ्या दिवशी पोचतो.