खुलासा : जॉर्ज फोर्साईथ आणि ‘पहिला’ संगणकशास्त्र विभाग

‘संगणकशास्त्राचे पहिले डॉक्टरेट जॉर्ज फोर्साईथ यांनी स्टॅनफर्डला अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग काढला’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अमेरिकेतला पहिला विभाग पर्ड्यू विद्यापीठात 1962 साली सुरू झाला. प्रमुख होते सॅम्युअल कॉन्टे. स्टॅनफर्डचा विभाग 1965चा. आणि फोर्साईथ यांची 1941ची ब्राउन विद्यापीठाची डॉक्टरेट गणितातली आहे. त्या काळी संगणकशास्त्राची पदवी होतीच कुठे?

फोर्साईथ यांचं मोठेपण ‘पहिला’ या बिरुदावर मुळीच अवलंबून नाही. 1957 साली ते स्टॅनफर्डला आले ते गणिताचे प्राध्यापक म्हणून. 1961 साली गणित विभागातच संगणकशास्त्राची शाखा उभी राहिली आणि चार वर्षांनी तिचा स्वतंत्र विभाग झाला. गणिताच्या छत्राखालून नवा विषय असा बाहेर काढणं, हे मला त्यांचं खरं कर्तृत्व वाटतं. 1972 साली निधन होईपर्यंत ते विभागप्रमुख होते. पुढे मॅटलॅब हे गणिती आकडेमोडीचं सॉफ्टवेअर लिहिणारे क्लीव्ह मोलर हे त्यांचेच विद्यार्थी.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर कृपया पर्ड्यू आणि कॉन्टे यांचा उल्लेख करून पाठवा.