चेतकच्या पुढच्या सस्पेन्शनच्या तक्रारीला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही लिहिलीत. आठ दिवस सांगून एकवीस दिवस लावले. ब्रेक दाबला की स्कूटर अजून पुढून खाली बसते. पंपावर हवा भरून राधानगरीला गेलात तर खड्ड्यात आधीपेक्षा जास्त आदळली, मनगटं दुखली. डिस्क ब्रेक बसवून मागितला तर ‘सरळ नाही म्हणाले’. आणि शेवटी, ‘ही माझ्या बाबांची गाडी आहे, यांच्या लेखी नुसती एक जुनी चेतक.’

उत्तर इथेच देतोय, कारण चेतक, व्हेस्पा बाळगणारे बरेच जण हे वाचतात आणि यात माझ्या चुका आहेत.

खड्ड्यांचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. गाडी देताना तुम्ही म्हणालात, ‘ब्रेकला खूप दबते, ते कमी करा.’ मी तेवढंच धरून जाड तारेची कडक स्प्रिंग टाकली आणि जोडीला नवा गॅस डँपर, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक. मागे माणूस आणि पायाशी सामान घेऊन रोज फिरणाऱ्याला ती स्प्रिंग चालते. तुम्ही एकट्या चालवता, तेही रविवारी. हे मी विचारलंच नाही. काम झाल्यावर इथे कोल्हापुरात रंकाळ्यावरून फुलेवाडीपर्यंत चालवून बघितली ती मी. माझं वजन नव्वद किलो, त्यामुळे मला गाडी मऊ लागली. तुम्हाला बसवून एक चक्कर मारून आणायला हवी होती.

आता ब्रेकला दबण्याचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे घेण्याआधीच सांगायला हवं होतं.

चेतकचं मूळ व्हेस्पा स्प्रिंट. पहिली व्हेस्पा १९४६ची, आणि ती आखणारे कोरादिनो दास्कानिओ हे विमानाचे इंजिनिअर. विमानाच्या चाकासारखं त्यांनी पुढचं चाक एकाच बाजूने धरलं. म्हणून पाच नट काढले की चाक सुटतं आणि रस्त्यात पंक्चर झालं तरी स्टेपनी लगेच चढते. हँडलपासून चाकापर्यंत खाली येते ती नळी म्हणजे फोर्क. फोर्कच्या खालच्या टोकाला एक आडवा हात असतो. त्याचं पुढचं टोक पिनेने फोर्कला जोडलेलं, मागच्या टोकाला चाक. ब्रेकची प्लेट याच हातावर पक्की बसवलेली असते. ब्रेक लागला की प्लेटवरचे लायनर (घासून थांबवणारे पट्टे) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला पकडतात आणि फिरतं चाक त्या प्लेटला आपल्याबरोबर फिरवू बघतं. प्लेट हाताला जखडलेली, त्यामुळे हाताचं चाकाकडचं टोक वर चढतं, स्प्रिंग दबते आणि हँडल खाली येतं. ब्रेकमुळे गाडीचं आणि तुमचं वजन पुढे येतं, ते आणखी वेगळं.

म्हणजे हे दबणं रचनेतलंच आहे. स्प्रिंग कितीही कडक टाका, ते कमी होईल, पण जाणार नाही, आणि जेवढं कमी होईल तेवढा खड्डा मनगटात येईल. चांगला डँपर एवढंच करतो की गाडी धपकन न बसता सावकाश बसते आणि ब्रेक सोडल्यावर उसळत नाही. मागचा ब्रेक आधी आणि पुढचा हलक्या हाताने नंतर, ही सवय कुठल्याही किटपेक्षा जास्त उपयोगी पडते. हे सगळं मी काउंटरवर सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित स्प्रिंगवर खर्चच केला नसता. ‘ब्रेकला दबणार नाही’ असा तुमचा समज होऊ दिला, ती माझी चूक.

दिवसांचं मात्र पूर्ण ऐका. फोर्क खाली उतरवला तेव्हा पिनेचे निडल बेअरिंग (सुईसारख्या बारीक रोलरचे) गंजून भुगा झालेले होते. तेवढं काम दोन दिवसांचं. पण हात साफ करताना रंगाखाली वेल्डिंगची शिवण दिसली. पूर्वी कुठल्यातरी गॅरेजमध्ये तडा गेलेला हात वेल्ड करून, घासून, वरून रंग मारून दिला होता. सगळी पुढची गाडी त्या एका हातावर पेललेली असते, दुसरी बाजू नसतेच. घाटात उतरताना तो सुटला असता तर चाकच गेलं असतं. तो पुन्हा बसवायला माझं मन धजलं नाही. मग उद्यमनगरात लेथवर फोर्कची नळी फिरवून बघितली, तर तीही किंचित वाकलेली निघाली. तुमची गाडी एका बाजूला ओढायची ती बऱ्याच अंशी यामुळे. बेंड काढला, हँडल ज्यांवर फिरतं ते वरचे-खालचे बेअरिंगचे कोन बदलले, आणि मूळ कंपनीचा धड हात मिळेपर्यंत बारा दिवस गेले. बाजारात नवे हात मिळतात, मला त्यांच्या ओतकामाचा भरवसा वाटला नाही. हे दिवस पुन्हा लागले तरी मी लावीन. पण त्या बारा दिवसांत तुम्हाला एकच फोन गेला आणि त्यातही पोराने ‘अजून दोन दिवस’ एवढंच सांगितलं. वेल्डिंगचा फोटो त्याच दिवशी तुमच्या मोबाइलवर यायला हवा होता. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

डिस्क ब्रेकला मी नाहीच म्हणणार. तुमच्या फोर्कवर कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत पकडणारा भाग, धरायला जागाच नाही. एकतर ब्रॅकेट वेल्ड करावं लागेल, आणि वेल्ड केलेला हात काय असतो ते वर लिहिलंय. नाहीतर डिस्कवाल्या गाडीचा अख्खा फोर्क एक्सलसकट आणून बसवावा लागेल. मग बाबांचा फोर्क भंगारात जाईल. ड्रम लेथवर साफ करून, नवे लायनर आणि नवी केबल टाकून ही गाडी तिच्या वेगाला पुरेल इतकी थांबते. लायनर आणि केबल मी टाकलेत, ड्रम राहिलाय.

आणखी एक. पंपावर हवा भरलीत तेव्हा आकडा बघितला होता का? पुढच्या चाकात १८ पीएसआयच्या (पंपावरच्या हवेच्या दाबाचा आकडा) आसपास हवा लागते. पंपावर सवयीने दोन्ही चाकांत तीस-बत्तीस मारतात. दहा इंची चाक, आखूड टायर, त्यात एवढी हवा म्हणजे सस्पेन्शन हलण्याआधीच दणका हँडलला येतो. कडक स्प्रिंग माझी, पण हवाही एकदा तपासून घ्या.

‘नुसती एक जुनी चेतक’ हे वाक्य मात्र लागलं. डिकीत तुमच्या बाबांची लाल वही होती. पेट्रोल, ऑइल, आणि दर तीन महिन्यांनी ‘पुढची पिन ग्रीस’ अशी तारखेसकट नोंद. सात वर्षांपूर्वी नोंदी थांबल्यात आणि बेअरिंग त्यानंतरच्या पाण्यानेच गेलेत. त्यांनी सांभाळलं तोवर पिनेला काही झालेलं नव्हतं. पोरांना मी ती वही दाखवली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत डिकीत ठेवली. बघितली नसेल तर बघा.

आता काम. सोमवार सोडून कधीही या, अर्धा दिवस लागेल. मूळ मापाची मऊ स्प्रिंग टाकतो, गॅस डँपर तोच ठेवतो, ड्रम साफ करून देतो. स्प्रिंगच्या फरकाचे पैसे परत, मजुरी नाही. तुम्ही चालवायची, मी मागे बसणार नाही, दुसऱ्या गाडीवरून बरोबर येईन. गगनबावडा रस्त्याला खराब पट्टा आहे तिथपर्यंत जाऊ. तिथे मनगट दुखलं तर परत आणून पुन्हा उघडू. जुना वेल्ड केलेला हात, पिन आणि बेअरिंगचा भुगा तुमच्या गाडीचा नंबर टाकून खोक्यात ठेवलाय. तो फेकू नका, घरी घेऊन जा आणि पुढे कुठेही काम द्याल तिथे दाखवा.