निवडुंगाची सड: पाणी, बुरशी आणि ‘नावात काय आहे’

‘निवडुंग मऊ पडला म्हणजे पाणी जास्त झालं आणि बुरशी लागली. बुरशीनाशक फवारा, कापलेल्या जागी हळद भरा. इर्विनिया वगैरे नावं पुस्तकातली, आज एक उद्या दुसरं. सड ती सड.’ या पावसाळ्यात हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवरून माझ्याकडे इतक्यांदा आला की शेवटी लिहायला बसलो. पाठवणारे चांगल्या मनानं पाठवतात. पण या सल्ल्यानं वाचण्यासारखी झाडं गेलेली मी बघितली आहेत.

आधी पाण्याचं. शहापुरात शेजारच्या आक्कांच्या गच्चीवर कमरेएवढा निवडुंग आहे. ‘बघ की रे, वरनं कसा हिरवागार दिसतोय,’ म्हणाल्या. बुडाजवळ अंगठ्यानं दाबलं. साल शाबूत, आत मात्र पाण्याची पिशवी. दाभण टोचल्याबरोबर तपकिरी पाणी ओघळलं आणि घाण वास सुटला. पांढरी लव किंवा तंतू कुठेच नाहीत.

त्या कुंडीत पाणी साचलं होतं, हे खरं. ओलीमुळे जिवाणूंना जखमेपर्यंत पोचायला वाट मिळते, मुळांना हवा मिळत नाही. पण गर विरघळवतात ते जिवाणू. झाडाच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. मऊ कूज आणणारे जिवाणू हे पेक्टिन तोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात आणि दर्जांतला चुना धुऊन गेलेल्या दगडी भिंतीसारखा गर ढासळतो. यातली पेक्टोबॅक्टेरियमसारखी मंडळी तर एकमेकांना रासायनिक इशारे देत संख्या पुरेशी वाढेपर्यंत थांबतात आणि मग एकदम विकरं सोडतात. म्हणून ‘परवापर्यंत चांगला होता हो’ असं ऐकू येतं. तो परवाही आतून चांगला नव्हता.

आता बुरशीनाशक. आपल्याकडे सर्रास मारलं जाणारं कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशी विभागायला लागणाऱ्या एका प्रथिनावर बसतं. जिवाणूंमध्ये ते प्रथिनच नाही, मग कितीही मारा. याचा अर्थ प्रत्येक सड जिवाणूंचीच असते असाही नाही. निवडुंग फ्युजेरियम बुरशीनंही सडतो, बुरशीसारख्या फायटोफ्थोरानंही. बेळगुंदी-उचगावकडच्या रताळ्यांच्या पोत्यात करड्या मिशा फुटलेलं मऊ रताळं निघतं, ती रायझोपस बुरशी. पण डिकेया नावाचा जिवाणूही रताळं सडवतो, आणि त्याला मिशा येत नाहीत. सड ती सड कशी?

मेसेजमधलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य नावांचं आहे. १९०१ मध्ये एल. आर. जोन्स यांनी सडक्या गाजरातल्या जिवाणूचं वर्णन केलं, म्हणून नावात ‘कॅरोटोव्होरा’, म्हणजे गाजरखाऊ. १९१७ मध्ये वनस्पतिरोगांचे अभ्यासक अर्विन स्मिथ यांच्या सन्मानार्थ इर्विनिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, उभी राहिली आणि झाडांवरचे कितीतरी जिवाणू तिच्यात जमा झाले. त्यातच सफरचंद-नाशपातीचे शेंडे जळाल्यासारखे काळे करणारा इर्विनिया अमायलोव्होरा. त्याला पेक्टिन तोडता येत नाही, तो काहीही मऊ करत नाही! एकाच नावाखाली विरघळवणारे आणि न विरघळवणारे. १९४५ मध्ये वॉल्डी यांनी पेक्टिन तोडणाऱ्यांना वेगळं काढून पेक्टोबॅक्टेरियम नाव सुचवलं, पण ते पक्कं व्हायला जनुकीय पुरावा येईपर्यंत, १९९८ पर्यंत, वाट बघावी लागली. अमेरिकेतल्या सग्वारो निवडुंगाला सडवणारा, १९९१ मध्ये इर्विनिया कॅक्टिसिडा म्हणून नोंदलेला जिवाणूही तेव्हाच पेक्टोबॅक्टेरियममध्ये गेला. २००५ मध्ये आणखी एक गट फुटून डिकेया झाला. आज दोन जिवाणूंचे संपूर्ण जीनोम ताडून बघतात आणि साधारण ९५ टक्क्यांच्या वर जुळले तर एक जात धरतात. याला लहर म्हणायचं?

‘उपयोग काय?’ बटाटा लावणाऱ्या आपल्या भागात तरी हा प्रश्न पडू नये. पेक्टोबॅक्टेरियम अ‍ॅट्रोसेप्टिकम थंडीतला, ३७ अंशांवर तो वाढत नाही. डिकेयाच्या बऱ्याच जाती उष्णतेत जोर धरतात. दोन्ही बियाण्याच्या बटाट्यात लक्षण न दाखवता लपून येतात. युरोपात डिकेया सोलानी ही जात वेगळी ओळखली गेली (नाव पक्कं झालं २०१४ मध्ये), म्हणून बियाण्यात नेमकी तीच शोधता येऊ लागली. आता आपल्याकडेही कुणी कुणी ड्रॅगनफ्रूट लावतंय. तोही निवडुंगच. मलेशियात त्याच्या मऊ कुजीत एंटरोबॅक्टर क्लोएसी सापडला, म्हणजे दिसायला तीच सड आणि जिवाणू तिसराच. मळाच पणाला लागला असेल तर अंदाजानं फवारू नका, धारवाडच्या कृषी विद्यापीठात नमुना दाखवा.

हळदीबद्दल थोडक्यात: कापलेल्या ताज्या जागी लावली तर माझी हरकत नाही, पण आत पसरलेल्या सडीपर्यंत ती पोचत नाही. झाडात शिरलेली मऊ कूज बरी करणारं भरवशाचं औषध नाही. कापावंच लागतं, आणि त्या मेसेजमध्ये सुरीबद्दल चकार शब्द नाही. एकाच सुरीनं सडका आणि चांगला भाग कापला तर रोग आपणच पुढे नेतो.

आक्कांकडे आम्ही प्रत्येक कापाला सुरी स्पिरिटनं पुसली आणि चकती स्वच्छ, कोरडी, डागाशिवाय दिसेपर्यंत वर वर सरकत गेलो. वीतभर शेंडा उरला. तो दहा दिवस सावलीत उलटा सुकवला, मग कोरड्या वाळूत टेकवून ठेवला. जुनी माती आणि सडका भाग जाळला, कुंडी उकळत्या पाण्यानं धुतली. परवा आक्कांनी शेंडा हळूच ओढून बघितला. निघाला नाही.