प्रत्येक लॅपटॉपला वेगळा क्लस्टर कशाला?

सीक्यू वर्ल्डवाइड ही जगभरच्या स्टेशनांशी रेडिओवर संपर्क साधायची कॉन्टेस्ट जवळ आली की हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. तीन-चार जणांनी मिळून स्टेशन चालवायचं असेल तर नेटवर्कच्या भानगडीत पडू नका, असा त्याचा सूर. प्रत्येक लॅपटॉपवर क्लस्टरचं (कोणतं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे याच्या सूचना, म्हणजे ‘स्पॉट’, वाटणाऱ्या सर्व्हरचं) स्वतंत्र टेलनेट कनेक्शन उघडा; इंटरनेट नसेल तर कॉम्प्युटर जोडण्यात अर्थ नाही; जोडलेच तर फायरवॉल बंद करा, वाय-फाय पुरेसं आहे; आणि स्पॉट स्वतःच्याच स्किमरचे (बँडवरचे कॉल आपोआप वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचे) असतील तर ते ‘असिस्टेड’, म्हणजे मदत घेतलेलं, धरत नाहीत. सल्ला सोपा वाटतो, म्हणून लोक पुढे ढकलतात. एकेक मुद्दा घेऊ.

‘प्रत्येक लॅपटॉपवर स्वतंत्र टेलनेट’

क्लस्टरला आपण लॉगइन करतो ते स्टेशनच्या कॉलसाइनने, म्हणजे त्याच्या ओळख-नावाने. जगातले बरेच क्लस्टर डीएक्सस्पायडर या सॉफ्टवेअरवर चालतात. तिथे तोच कॉलसाइन दुसऱ्या मशीनवरून आला की आधीचं कनेक्शन तुटतं. दोन्ही लॅपटॉपवर ‘आपोआप पुन्हा जोडा’ चालू असेल तर पहिला दुसऱ्याला उठवतो, दुसरा पहिल्याला, आणि हा खो-खो रात्रभर रंगतो. ऑपरेटरला दिसतं एवढंच की स्पॉट मध्येच येतात, मध्येच गायब होतात. मग शिव्या खाते मोबाइल कंपनी. कॉलसाइनच्या मागे -१, -२ लावून पळवाट काढता येते, पण मग प्रत्येक मशीनचे फिल्टर निराळे आणि ४० मीटर बँडवाल्याला दिसलेला स्पॉट २० मीटरवाल्याला दिसेलच याची खात्री नाही.

संपर्कांची नोंद, म्हणजे लॉग, ठेवणाऱ्या एन१एमएम लॉगर प्लससारख्या प्रोग्रॅममध्ये याची सोय आधीपासून आहे. सगळी मशीन एकाच राउटरवर किंवा स्विचवर, सगळ्यांवर प्रोग्रॅमची एकच आवृत्ती, तीच कॉन्टेस्ट उघडलेली. त्यातलं एक मशीन मास्टर ठरवायचं आणि टेलनेट फक्त तिथे जोडायचं. तिथे आलेला स्पॉट बाकीच्यांच्या बँडमॅपवर (फ्रिक्वेन्सीनुसार स्पॉट दाखवणाऱ्या यादीवर) जातो. फिल्टरही एकाच जागी लावायचे, आणि भारतातून खेळणाऱ्याला खरा फायदा तिथेच आहे. कॉन्टेस्टसाठी जग झोनमध्ये वाटलेलं आहे, आपण झोन २२ मध्ये. अमेरिकेतल्या स्किमरने १० मीटरवर ऐकलेलं कॅरिबियन स्टेशन त्याच क्षणी पुण्यात ऐकू येणं कठीणच. असे शेकडो स्पॉट बँडमॅपवर साचले की कामाचा एक शोधायला डोळे फोडावे लागतात. स्पॉट देणारा २१, २२, २६ अशा आसपासच्या झोनमधला असेल तेवढेच पाठव, असं क्लस्टरला सांगता येतं. फारच कमी येऊ लागले तर झोन वाढवा.

अडचण एकच, पण ती खरी आहे: मास्टर बंद पडला की सगळ्यांचे क्लस्टर स्पॉट आटतात. दुसऱ्या मशीनला मास्टर करून तिथे टेलनेट कसं जोडायचं, हे प्रत्येक ऑपरेटरने शुक्रवारी रात्रीच करून पाहिलेलं असावं. शनिवारी पहाटे साडेपाचला कॉन्टेस्ट सुरू झाल्यावर कुणाला शिकायला वेळ नसतो.

‘इंटरनेट नाही तर नेटवर्क कशाला?’

क्लस्टर जन्मला तेव्हा घरोघरी इंटरनेट होतं कुठे? १९८० च्या दशकातला एके१ए या हॅमचा पॅकेटक्लस्टर पॅकेट रेडिओवर, म्हणजे हवेतून कॉम्प्युटरचा डेटा पाठवून, चालायचा. २ मीटर बँडवर, १२०० बॉडच्या गतीने, स्पॉट एका हॅमकडून दुसऱ्याकडे हवेतूनच जायचे. आजही स्पॉटची ओळ पाहा: ‘डीएक्स डी’, मग स्पॉट देणाऱ्याचा कॉलसाइन, किलोहर्ट्झमध्ये फ्रिक्वेन्सी, ऐकलेलं स्टेशन, एखादा शेरा आणि शेवटी यूटीसी वेळ. एवढीशी ओळ. तिला ब्रॉडबँड लागत नाही.

घाटमाथ्यावर, जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथेही जोडलेले कॉम्प्युटर कामाचेच. एका ऑपरेटरने बँड चाळताना सापडलेलं स्टेशन बँडमॅपवर साठवलं की शेजारच्या टेबलावर ते दिसतं. लॉग एकच असल्याने तेच स्टेशन त्याच बँडवर दुसऱ्यांदा घेतलं जात नाही. शिवाय एसडीआर रिसीव्हर (कॉम्प्युटरच्या मदतीने चालणारा रेडिओ) आणि सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, वाचणारा स्किमर त्याच नेटवर्कवर ठेवता येतो. स्किमर स्वतःच टेलनेट सर्व्हर असतो, त्यामुळे मास्टर बाहेरच्या क्लस्टरऐवजी त्याला जोडला की झालं. आपल्याच अँटेनावर आलेले स्पॉट! कॅरिबियनचा प्रश्नच मिटला.

‘फायरवॉल बंद करा’

मशीन एकमेकांना दिसत नाहीत याचं नेहमीचं कारण वेगळं आहे. विंडोज नव्या नेटवर्कला बहुतेक वेळा ‘पब्लिक’ समजते आणि बाहेरून येणारं बरंच काही अडवते. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलमध्ये फक्त लॉगरला परवानगी द्या. ४८ तास इंटरनेटला जोडलेलं मशीन उघडं ठेवायची गरज नाही.

‘वाय-फाय पुरेसं आहे’

कधी कधी असतंही. पण राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर मशीन एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, मुद्दामच तशी सोय असते. त्यात शेजारी काही शे वॉटचा ट्रान्समीटर. वायर लावलेली बरी. मात्र इथे वायरवाल्यांनीही पूर्ण सत्य सांगावं: इथरनेटची केबल स्वतःच रेडिओत आवाज ओतते, आणि १४.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐन सीडब्ल्यूच्या जागेत, तिची शीळ अनेकांनी ऐकली आहे. केबल आखूड ठेवा, दोन्ही टोकांना फेराइटच्या (आवाज अडवणाऱ्या चुंबकीय) कड्यावर काही वेढे द्या, अँटेनाच्या फीडलाइनपासून लांब न्या.

‘आपल्या स्किमरचे स्पॉट असिस्टेड नाहीत’

मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. सीक्यू वर्ल्डवाइडच्या नियमांत कॉलसाइन आणि फ्रिक्वेन्सी आयती सांगणारं कोणतंही तंत्र म्हणजे मदत. त्यात स्थानिक स्किमरचा उल्लेख स्पष्ट आहे. इंटरनेट होतं की नव्हतं याला महत्त्व नाही. एकट्याने खेळताना असा स्किमर लावला तर लॉग सिंगल ऑपरेटर असिस्टेडमध्येच टाकावा लागतो. मल्टी-ऑपरेटरला मदत चालते, तेव्हा तिथे हा प्रश्न येत नाही.

तिथला धोका निराळा आहे. स्किमर चुकतो. मोर्समध्ये ६ म्हणजे एक डॅश आणि चार डॉट. फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नल क्षीण होताना, शेवटचा डॉट गेला की त्याचा इंग्रजी ‘बी’ होतो, आणि नेटवर्क तो चुकीचा कॉल तितक्याच तत्परतेने चारही टेबलांवर पोचवतं. ऐकून खात्री न करता लॉगमध्ये टाकला तर तो संपर्क जातोच, वर दंडाचे गुणही कापले जातात. दुसरं, बँडमॅपवर साठवायचं बटण आणि जगाला स्पॉट पाठवायचं बटण ही दोन वेगळी बटणं आहेत. पहाटे तीनला डुलक्या घेणाऱ्या ऑपरेटरने आपल्याच स्टेशनचा कॉल दुसऱ्या बटणाने पाठवला तर तो सेल्फ-स्पॉटिंग ठरतो, जे या कॉन्टेस्टमध्ये चालत नाही. आणि त्या ओळीत स्पॉट देणाऱ्याचा कॉलसाइन सगळ्यात आधी छापलेला असतो.