खातं वहिनीच्या नावावर, ॲप भाऊजींच्या फोनवर

डिसेंबर २०२५ मध्ये एक्वसचा आयपीओ आला (म्हणजे कंपनीनं पहिल्यांदा आपले शेअर लोकांना विकायला काढले), तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांतून अर्ज गेले. साहजिक होतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला हायवेच्या कडेला विमानांचे सुटे भाग करणारी ही कंपनी आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली, आपल्याकडची पोरं तिथं कामाला जातात. एका पॅनवर एकच अर्ज चालतो, म्हणून आईच्या, बायकोच्या, वहिनीच्या नावानं भराभर डीमॅट खाती (शेअर ठेवायची खाती) निघाली. कंपनी अजून तोट्यात आहे हे प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, छापलेलं होतं. ते किती जणांनी वाचलं, हा वेगळा विषय. मला त्या खात्यांबद्दल लिहायचंय.

खातं वहिनीच्या नावावर, पण ॲप भाऊजींच्या फोनवर. ईमेलही भाऊजींचा. ओटीपी तेवढा वहिनीच्या मोबाइलवर येतो आणि ती भाकरी थापता थापता आतून आकडे सांगते. तिचा यूपीआय पिन घरात सगळ्यांना पाठ. शेअर लागला का, विकला का, पैसे कुठे आले, असं विचारलं तर उत्तर एकच: "ते मला काय कळतंय गं, भाऊजी बघतात की." हीच बाई रोजची पिग्मी भरते, भिशीची वही लिहिते आणि त्यात रुपयाची चूक नसते. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब बघते. हिशेब कळणारी माणसं मी रोज बघते, आणि ह्या बायकांना तो कळतो हे मी खात्रीनं सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला शेअर स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या बोटानं घ्यावा. एकच घ्या, पाचशे रुपयांचा घ्या, पण बटण स्वतः दाबा. खात्यातला प्रत्येक व्यवहार तिच्या पॅनवर नोंदला जातो, आयकर खात्याच्या एआयएसमध्ये (वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत) दिसतो. उद्या विचारणा झाली तर नोटीस तिच्या नावानं येणार, भाऊजींच्या नाही. भाऊजी प्रामाणिक असतील, बहुतेक घरांत असतातच. तरीही आपल्या नावावरचा पैसा आपल्याला बघता यायला नको का?

२०१९ मध्ये कार्वी ह्या ब्रोकर कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, ते आठवत असेल. ग्राहकांनी ब्रोकरला दिलेल्या पॉवर ऑफ ॲटर्नीच्या (मुखत्यारपत्राच्या) जोरावर त्यांचेच शेअर गहाण ठेवून कर्ज उचललं गेलं होतं. त्यानंतर सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, नियम आवळले. आता वेगळी परवानगी लिहून दिलेली नसेल, तर सीडीएसएलच्या (डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेच्या) खात्यातून शेअर विकताना टीपिन (विक्रीला मंजुरी द्यायचा गुप्त आकडा) आणि ओटीपी दोन्ही लागतात. सेबीनं दाराला एवढं भक्कम कुलूप लावून दिलं आणि आपण किल्ली ओरडून सांगतो, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आता आपल्या भागातली खरी अडचण, नावाची. केवायसीमध्ये पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक ह्या तिन्हीवरचं इंग्रजी नाव जुळावं लागतं. आपल्याकडे पॅन लग्नाआधीचं, माहेरच्या आडनावाचं. आधार सासरच्या नावाचं. बँकेत नुसती आद्याक्षरं. त्यात आधारचं नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं असेल तर स्पेलिंगमध्ये कुठेतरी एक 'ए' जास्तीचा घुसतो. पत्त्यात एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी. फॉर्म परत आला की बाई म्हणते, "आपल्याला नको ते," आणि विषय संपतो. संपवू नका. आधी आधार नीट करून घ्या, मग त्याप्रमाणे पॅनची दुरुस्ती करा, मग बँकेत जा. महिना-दीड महिना जाईल. ती दुरुस्ती पुढे विमा, पेन्शन, वारसा सगळीकडे उपयोगाला येते. नॉमिनीचं नाव त्याच वेळी भरून टाका.

खातं उघडायच्या फॉर्ममध्ये एका ठिकाणी फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे सौदे) चालू करू का असं विचारतात आणि त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात. तो चौकोन कोरा ठेवा. नुसते शेअर घ्यायला उत्पन्नाचा पुरावा लागत नाही.

खानापूरच्या माझ्या मावशीला शेजारी बसून हे सगळं दाखवलं, तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे कारखान्याच्या शेअरसारखंच की?" प्रश्न अगदी योग्य होता. हिरण्यकेशी असो की हालसिद्धनाथ, आपल्याकडच्या ट्रंकांत सहकारी साखर कारखान्यांचे शेअर वर्षानुवर्षं आहेत. तिथं सभासदाला एक मत, शेअर एक असो वा दहा. त्याचा भाव बाजारात वर-खाली होत नाही, तो घ्यायचा आपला ऊस कारखान्यात जावा म्हणून. कंपनीच्या शेअरला मात्र जितके शेअर तितकी मतं, सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन भाव हलत राहतो, आणि समोर घेणारा असला तर तुम्ही कधीही विकू शकता. मावशीला हे एका दमात कळलं.

मग प्रत्यक्ष खरेदी. पैसे स्वतःच्या बँक खात्यातूनच भरायचे, दुसऱ्याच्या खात्यातून आलेले ब्रोकर घेत नाही. ऑर्डरच्या पानावर 'डिलिव्हरी' आणि 'इंट्राडे' असे दोन पर्याय दिसतात. डिलिव्हरीच निवडायची, त्यात शेअर आपल्या खात्यात राहतो. इंट्राडेत घेतलेलं त्याच दिवशी मोकळं करावं लागतं, तुम्ही नाही केलं तर ब्रोकर करतो. काही ॲप उसने पैसे देऊन जास्त शेअर घ्यायचं आमिष तिथंच दाखवतात, त्याला एमटीएफ म्हणतात. त्यावर व्याज लागतं, ते नको. पुढे 'मार्केट' (चालू भावाला लगेच खरेदी) आणि 'लिमिट'. लिमिटमध्ये आपण भाव लिहितो आणि त्याहून एक पैसाही जास्त जात नाही. पहिल्या खरेदीला मला लिमिट बरं वाटतं, कारण आकडा स्वतः लिहावा लागतो आणि लिहिताना माणूस विचार करतो.

मावशीनं भाव लिहिला, चष्मा पुसून परत वाचला आणि मग बटण दाबलं. संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची पावती, आली. ती आम्ही ओळ न् ओळ वाचली: शेअरची किंमत, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर, खरेदीवर हजाराला एक रुपया), स्टॅम्प ड्युटी, जीएसटी. दुसऱ्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये जमा. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सना हा एका दिवसाचा नियम आहे. विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढायचं शुल्क) वेगळा लागतो, एक शेअर विकला तरी लागतो. म्हणून दहा-वीस रुपयांच्या फायद्यासाठी घे-विक करण्यात काही अर्थ नाही.

कुठला शेअर घ्यायचा, हे मी सांगणार नाही, मला तो अधिकार नाही. पण ओळखीची कंपनी म्हणजे सुरक्षित कंपनी, हा समज आपल्याकडे घट्ट आहे, त्याबद्दल बोलायलाच हवं. रेणुका शुगर्सचं कार्यालय बेळगावातच, कारखाना सौंदत्ती तालुक्यात मुनोळीला. २००५ मध्ये शेअर बाजारात आला, चढला, आणि पुढे त्याचा भाव एका आकड्यावर येऊन ठेपला. आपल्या उसाचं गाळप होताना बघून तो भाव सावरला नाही. यमनापूरचा ॲल्युमिनियमचा कारखाना आपण अजून इंडालच म्हणतो, पण त्याची मालक हिंडाल्को निफ्टीच्या (शेअर बाजाराच्या मुख्य निर्देशांकाच्या) पन्नास कंपन्यांत आहे आणि तिचा भाव जगातल्या ॲल्युमिनियमच्या दरावर हलतो. म्हणून नफा-तोटा, कर्ज, प्रवर्तकांचे (कंपनी चालवणाऱ्या मालक मंडळींचे) किती शेअर गहाण आहेत, हे बघायला शिका. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) वेबसाइटवर फुकट मिळतं.

आणि फौंड्रीतल्या पोरांनो, हे तुमच्यासाठी. मंगळवारी निफ्टीची एक्स्पायरी (ऑप्शनच्या सौद्यांची मुदत संपायचा दिवस), जेवणाची सुट्टी, डबा उघडा आणि डोळे स्क्रीनवर. पगाराच्या जिवावर ऑप्शन घेणं म्हणजे शेअर घेणं नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांचा सेबीचा अभ्यास आहे: फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. तुमच्यातल्या कित्येकांचा तो वर्षाचा पगार आहे. रात्रपाळी करून, भट्टीसमोर उभं राहून कमावलेला. आईच्या नावावर खातं काढून त्यात ऑप्शन खेळणारेही मला माहीत आहेत, आणि त्या माउलीला त्याचा पत्ता नाही. ते आजच्या आज थांबवा, हात जोडून सांगते.

शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या कुणा बाईला स्वतःचं खातं स्वतः चालवायला शिकायचं असेल, तर रविवारी सकाळी मी बसायला तयार आहे. फी नाही, कुठल्या ब्रोकरची लिंक देणार नाही, शेअरही सुचवणार नाही. पॅन, आधार, पासबुक आणि स्वतःचा फोन घेऊन या. मुलगा, दीर, नवरा बरोबर आले तरी चालेल, पण फोन त्यांच्या हातात द्यायचा नाही. माझ्याही नाही. इनबॉक्समध्ये कळवा.